हवेवर ठेवलेली गाडी

हे मी लिहिणारच नव्हतो. सुरुवात केली, पुसली, परत केली, परत पुसली. एक तर मी लेखक नाही. बंद पडलेल्या सायबर कॅफेतून उचललेल्या कीबोर्डवर मी एकट्यानंच टायपिंग शिकलो, आणि आजवर जे काही टाईप केलं ते सगळं दुसऱ्यांचं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नाच्या बायोडाट्यात 'मुलगी मनमिळाऊ'. घरचे म्हणाले, जुनं कायले उकरतोस, आपलं दुकान त्या प्लांटच्याच गेटसमोर आहे.

पण परवा त्या गेटवर नवा बोर्ड लागला. हिरवा, चकचकीत. 'प्लांट सुरू झाल्यापासून एकही प्राणघातक अपघात नाही.' मी रस्त्यात गाडी थांबवून पाहत राहिलो. एकही नाही म्हणे! लहानूभाऊ मेला तो ठेकेदाराचा माणूस होता, म्हणून तो यांच्या हिशोबात मेलाच नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. मग बसलो टाईप करायला.

प्लांटचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वकील येतात. आमच्याकडे कोळसा जाळून वीज करतात, एवढं पुरे.

तर लहानूभाऊच्या मरणाची चौकशी झाली ती खोली. प्लांटचं गेस्ट हाऊस, लांब टेबल, एसीचा गार वारा, आणि भिंतीवर 'सुरक्षा सप्ताह'चा बॅनर तसाच लटकलेला. टेबलाच्या मधोमध सोवनी साहेब. रेल्वेतून रिटायर झालेले मोठे अधिकारी, कंपनीनं चौकशीसाठी बोलावलेले. पांढरेशुभ्र केस, बोलणं एकदम मऊ. त्यांच्या उजव्या हाताला चोपडे साहेब, प्लांटच्या रेल्वे यार्डाचे मॅनेजर. कोपऱ्यात मी, कंपनीच्या लॅपटॉपसमोर. कामगारांचे जबाब मराठीत घ्यायचे होते आणि प्लांटमध्ये मराठी टाईप करणारं कोणी नव्हतं. म्हणून गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याला उचलून आणलं होतं.

आणि समोर उभा खुशाल गेडाम. यार्डातला शंटमन, म्हणजे डबे जोडणारा-सोडणारा, गाडी उभी केली की तिचे ब्रेक बांधणारा. माझ्या शाळेतला, माझ्याच बाकावरचा. हे मी समितीला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं.

"बसा की," सोवनी साहेब म्हणाले.

खुशाल बसला नाही. त्याची नजर माझ्याकडे आली, मग लगेच जमिनीवर गेली.

"हं. आपण फक्त घडलं ते नोंदवतोय. घाबरायचं काही कारण नाही. त्या दिवशी कोळशानं भरलेली गाडी वरच्या लाईनवर तुम्ही लावली?"

"हो साहेब."

"इंजिन सोडलं?"

"हो साहेब."

"इंजिन सोडण्याआधी डब्यांचे हँडब्रेक बांधले होते? हो की नाही?"

"नाही साहेब, पण..."

"लिहा. नाही."

मी 'नाही' टाईप केलं. पूर्णविराम दिला.

"चाकांखाली लाकडी गुटके ठेवले होते?"

"नाही साहेब. गुटके तं..."

"लिहा. नाही."

"साहेब, इंजिन कुठं..."

"इंजिनाचा प्रश्न येईल तेव्हा विचारू आपण," सोवनी साहेब हसून म्हणाले. डॉक्टर लहान पोराला सुई टोचताना हसतात तसं.

तो प्रश्न काही आला नाही. पुढचा प्रश्न गणवेशाचा होता, त्याच्या पुढचा ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटचा.

झालं होतं असं. आमच्या यार्डाला उतार आहे. वरच्या टोकाला भरलेली गाडी उभी राहते, तिथून थोडीथोडी खाली आणून कोळसा रिकामा करतात. त्या दिवशी वर उभी केलेली भरलेली गाडी आपोआप निघाली. ना इंजिन, ना ड्रायव्हर. उतारावरून घरंगळत खाली आली आणि खाली उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. रिकाम्या गाडीच्या दोन डब्यांच्या मध्ये लहानू निखाडे वाकून ब्रेकचे पाईप जोडत होता. त्याला बाहेर काढायला गॅस कटर आणावा लागला.

पेपरात दोन ओळी आल्या. 'शंटमनच्या हलगर्जीपणामुळे.' चौकशी सुरू व्हायच्या आधीच पेपरवाल्यांना निकाल माहीत होता.

जेवायच्या सुट्टीत आम्ही बाहेर बदामाच्या झाडाखाली बसलो. गेस्ट हाऊसच्या पोऱ्यानं मला साहेबांच्यातली पुरी-भाजी आणून दिली. खुशालला काही नाही. मी ताट मध्ये ठेवलं.

"खा ना बे."

"साहेबायचं जेवण होय. माह्या पोटात राहणार नाही."

"पुरीनं काय केलं? पुरी तर आपल्या गावातल्या सुनीताच्या मेसमधलीच आहे."

तो हसला. पुरीचा एक तुकडा तोडला आणि लगेच गंभीर झाला. "सुमेध, एक सांग. तू माह्या तोंडातलं अर्धंच कायले लिहून राहिला?"

"ते सांगतात तेवढंच लिहायला बसवलंय मला."

"हाँ. तेबी खरं."

मी विचारलं, "तू हँडब्रेक का नाही बांधले रे पण?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाण्याला ओलं का म्हणतात ते विचारलं.

"कोन बांधते? तू यार्डात कवा आला असता तं तुले समजलं असतं. गाडी लावली, इंजिन तोडलं की डब्यायमंदी जे हवा भरली असते ना, त्या हवेनं ब्रेक चाकाले धरून ठेवते. गाडी हालत नाही. त्याले आम्ही म्हणतो गाडी हवेवर ठेवली. पण हवा काही जलमभर राहत नाही बे. हळूहळू गळते. गळायच्या आत इंजिन परत येते, गाडी पकडते. असंच चालते."

"आणि नियम?"

"नियमात हँडब्रेक बांधा, गुटके लावा. बांधाले वेळ, सोडाले वेळ. एखादा सोडाचा राहिला तं चाक जळते, त्याची बोलणी खा. अन् इंजिन एवढा वेळ अडकलं की चोपडे साहेब वॉकीटॉकीवर माय-बहीण काढते. लहानूभाऊनंच शिकवलं मले. पयल्या दिवशी मी हँडब्रेकचं चक्कर फिरवून राहिलो होतो तं तो हसला. म्हणे, अबे नवरदेवा, आज रात्रभर इथंच मुक्काम हाय का?"

मी पुढचं विचारलं.

"गुटके?"

"ते ऑफिसात ठेवले हायेत. लाल रंग देऊन. इन्स्पेक्शनले काढते, मग परत आत. इथं ठेवले तं लोकं चुलीत घालतील म्हणे."

चोपडे साहेब दात कोरत बाहेर आले. जाडजूड माणूस, कमरेला वॉकीटॉकी, सतत खरखरणारा. खुशालच्या खांद्यावर हात ठेवला.

"टेन्शन घेऊ नको. जबाबाच्या शेवटी एक ओळ येईल. चूक माझी, मी मान्य करतो. सही करून टाक. पोलीस केस आम्ही होऊ देत नाही. तीन-चार महिने घरी बस, मग दुसऱ्या ठेकेदाराकडे लावून देतो. ऐकून राहिला का?"

"साहेब, पण मी..."

"अबे, लहानू काही परत येणार आहे का? त्याच्या बायकोला आम्ही सांगितलंच आहे काय झालं ते. ती पण समजली. आता तू कायले ताणतोस?"

खुशालचा चेहरा पडला. चोपडे साहेब आत गेले तरी तो तिथंच, हातात पुरीचा तुकडा धरून.

"काय सांगितलं त्यांनी वैनीला?" मी विचारलं.

"की खुशालनं ब्रेक नाही बांधला म्हणून लहानू मेला." त्यानं पुरी ताटात ठेवली. "मयतीत मी लाकडं उचलाले गेलो तं रुखमा वैनीनं हात धरला माहा. सगळ्यायच्या समोर. म्हणे, तू माह्या घरी जेवत होता ना रे. माह्या हातचं खात होता ना. अन् हात असा झटकला. सुमेध, त्या माणसानं मले काम शिकवलं. आईच्या बिमारीत त्यानं माही ड्युटी करून देल्ली. मी त्याले मारलं म्हणते ती."

 ताट तसंच राहिलं.

दुपारी समिती जागा पाहायला निघाली. मला लॅपटॉप घेऊन मागे यायला सांगितलं, खुशाललाही. उन्हानं रूळ पांढरे दिसत होते. जिथं गाड्या आदळल्या होत्या तिथं नवी खडी टाकून सगळं साफ केलं होतं. 

"उतार किती आहे?" सोवनी साहेबांनी विचारलं.

"नाममात्र, सर. दिसतसुद्धा नाही."

सोवनी साहेबांनी मान डोलावली. सपाटीवर कधी आपोआप गाडी चालते का, हे त्यांनी विचारलं नाही. मी तर रेल्वेचा र न शिकलेला माणूस, मलाही तो प्रश्न पडला. यांना कसा पडला नाही? की पडू द्यायचाच नव्हता?

आम्ही उभे होतो तेवढ्यात वरच्या लाईनवर एक भरलेली गाडी लागत होती. प्लांटला कोळसा कमी पडत होता, काम काही थांबलेलं नव्हतं. अपघाताला आठवडाही झाला नव्हता आणि त्याच लाईनवर, त्याच उतारावर पुढची गाडी. इंजिन फुसफुसत थांबलं.

चोपडे साहेब त्या वेळी सोवनी साहेबांना समजावत होते, "आमच्याकडे सर, हँडब्रेक बांधल्याशिवाय इंजिन काटायचंच नाही असा सक्त आदेश आहे. माझा स्वतःचा आदेश आहे."

त्यांच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. "साहेब, गाडी लागली. ब्रेक बांधाले माणूसच नाही. दोघं रजेवर हाय, खुशाल चौकशीत हाय. काय करू?"

चोपडे साहेबांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. वर्षानुवर्षं जसा नेत आले होते तसाच. ना थांबले, ना विचार केला.

"अबे, विचारतो काय? हवेवर सोड ना! इंजिन काट अन् खाली पाठव लवकर, इथं कोळसा संपून राहिला!"

"हो साहेब."

आणि मग त्यांना कळलं.

 वरच्या लाईनवर इंजिन सुटल्याचा आवाज आला, हवा सुटल्याची ती लांबलचक फुस्स. खुशाल सरळ सोवनी साहेबांच्या तोंडाकडे पाहत होता. मीही पाहत होतो. मला खरंच वाटलं, आता हा माणूस म्हणेल, चोपडे, हे काय? वाटलं, आता खुशाल सुटला.

सोवनी साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं.

"ऊन फार आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "चला, चहा घेऊ या."

रक्त उकळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तोवर नुसतं टाईप केलं होतं.

निदान ती गाडी तरी बांधून घेतील असं वाटलं. नाही. आम्ही सगळे त्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीच्या खालच्या उतारावरून, रूळ ओलांडून, चहा प्यायला गेलो. मागं वळून पाहणारा एकटा खुशाल होता.

खोलीत परत जबाब सुरू झाला. सोवनी साहेब सांगत होते, मी टाईप करत होतो. शेवटी ते म्हणाले, "लिहा. वरील अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे घडला, हे मी कोणत्याही दबावाशिवाय मान्य करतो."

"हे मी बोललो नाही," खुशाल म्हणाला.

"अहो, हा मजकुराचा भाग असतो. सगळ्यांच्या जबाबात असतो."

"असंन साहेब. पण मी बोललो नाही. मी जे बोलतो ते लिहा ना. सकाळपासून मी विचारून राहिलो, इंजिन कुठं होतं ते विचारा मले. तुम्ही विचारूनच नाही राहिले."

"गेडाम!" चोपडे साहेब.

"विचारा ना साहेब. इंजिन परत आलं असतं तं गाडी गेली नसती. रोज येते. त्या दिवशी कायले नाही आलं, ते विचारा."

सोवनी साहेबांनी चष्मा काढला. पुसायला लागले. खुशाल त्यांची वाट न पाहता बोलायला लागला. आणि मी टाईप करायला लागलो. मला कोणी लिहा म्हटलं नव्हतं. बोटं आपोआप चालत होती.

"इंजिन शपथेले गेलं होतं साहेब. सुरक्षा सप्ताह होता ना," त्यानं मागच्या बॅनरकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. "मुंबईहून डायरेक्टर साहेब येणार होते. रुळाच्या बाजूच्या ग्राउंडवर मांडव टाकला होता. चोपडे साहेब म्हणे, इंजिन धुवा, झेंडूचे हार घाला, केळीचे खांब बांधा, डायरेक्टर साहेब त्याले हिरवी झेंडी दाखवते. म्हणून मी गाडी लावल्या लावल्या इंजिन तोडून ग्राउंडवर आणलं. मी म्हटलं, साहेब, वरची गाडी हवेवर हाय. ते म्हणे, अर्ध्या घंट्यात कार्यक्रम खतम होते, जा, लाईनमंदी उभा राहा."

"हे सगळं आवश्यक आहे का?" सोवनी साहेब.

"डायरेक्टर साहेबाची गाडी लेट झाली. आम्ही उन्हात उभे. मग ते आले, मग दिवा लावला, मग भाषण. मग शपथ. हात असा समोर करून." खुशालनं खरंच हात समोर केला.  "मी सुरक्षेचे सगळे नियम पाळीन. माह्यासोबतच्या कामगाराच्या जिवाची काळजी घेईन. मी मोठ्यानं म्हणून राहिलो होतो साहेब. अन् वर माही गाडी हवेवर. हवा गळून राहिली. मले माहीत होतं. पण लाईनमंदून निघाची हिंमत नाही झाली, फोटो निघून राहिले होते."

"लहानू निखाडे शपथेला का नव्हता?" मी विचारलं.

टायपिस्टनं प्रश्न विचारायचा नसतो. सगळे माझ्याकडे वळले. खुशालनं मात्र मलाच उत्तर दिलं. बाकीचे नव्हतेच जणू.

"जाकिटं कमी पडली ना बे. नवे चमकणारे जाकीट मागवले होते, ठेकेदारानं कमीच पाठवले. साहेब म्हणे, फोटोत जुनं फाटकं जाकीट नको. ज्यायले नवं मिळालं ते शपथेले, ज्यायले नाही मिळालं ते कामावर. लहानूभाऊ म्हणे, चला, माही शपथ वाचली. हसत गेला साहेब तो. खाली रिकाम्या गाडीवर पाईप जोडाले."

एसी घुरघुरत होता. माझी बोटं थांबली होती, ती परत चालायला लागली.

"आवाज आला तेव्हा टाळ्या वाजून राहिल्या होत्या. चोपडे साहेब बाजूच्याले म्हणे, फटाके आत्ताच कोणी लावले बे?"

चोपडे साहेब खुर्ची मागं ढकलून उठले. "खोटं बोलतो हरामखोर! ए झेरॉक्सवाल्या, तू काय बडवून राहिला तिथं?"

"जबाब, साहेब."

"कोणी सांगितलं तुला?"

"तो बोलला. मी लिहिलं."

"पुसा ते," सोवनी साहेब शांतपणे म्हणाले. "हे चौकशीच्या विषयाला धरून नाही. चौकशी गाडी का घरंगळली याची आहे, कार्यक्रमाची नाही."

मी प्रिंटचं बटण दाबलं. प्रिंटरनं कागद बाहेर ढकलला, त्याच्याच संथ चालीनं, आणि कोणी जागचं हलेना. कागद उचलून मी खुशालपुढे ठेवला. त्यानं ओठ हलवत पूर्ण वाचला. मग सही केली, सावकाश, गेडाममधला शेवटचा म सुद्धा नीट काढून.

सोवनी साहेबांनी कागद हातात घेतला. वाचला. खरंच वाचला, मी त्यांचे डोळे पाहत होतो. मग व्यवस्थित मधोमध फाडला, दोन तुकडे जुळवून परत फाडला आणि पायाजवळच्या टोपलीत टाकला.

"समितीनं हा कागद स्वीकारलेला नाही," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. "साहेब, मघाशी तुम्ही स्वतः ऐकलं. तुमच्यासमोर गाडी हवेवर सोडली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच मऊपणा गेला होता आवाजातला, पण रागही नव्हता. थकवा होता नुसता.

"अहो, सगळेच ठेवतात हवेवर. माझ्या नोकरीत मीसुद्धा ठेवल्यात. शेकडो."

"मग हा एकटाच दोषी कसा?"

"कारण घरंगळली ती याची गाडी."

एवढं बोलून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

चोपडे साहेबांनी लॅपटॉप माझ्यासमोरून ओढून घेतला. तो त्यांचाच होता. फाईल गेली. अहवाल नंतर आला, त्यात काय होतं ते पेपरात आधीच छापून आलं होतं. खुशालवर केस झाली, ती अजून चालू आहे. सोवनी साहेबांचा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ. पुढच्या वर्षी सुरक्षा सप्ताह परत झाला, इंजिनाला हार परत घातले. गाड्या अजून हवेवरच राहतात. आज सकाळीही राहिली असेल.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

गेटवर सिक्युरिटीवाल्यानं आमचे पास काढून घेतले. खुशालचा पास त्यानं हातात फिरवला, म्हणाला, "वरून सांगतलं हाय भाऊ, उद्यापासून येऊ नका." खुशाल बरं म्हणाला. आम्ही रस्त्यानं निघालो. कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते.  मी माझ्याच तारेत शिव्या देत होतो, सोवनीला, चोपडेला, डायरेक्टरला, ज्यानं जाकिटं कमी पाठवली त्याला.

"बस कर बे," खुशाल म्हणाला. "तुह्या शिव्यायनं त्यायचं काही वाकडं होत नाही."

"तू एवढा थंड कसा?"

"थंड नाही." तो थांबला. पिपरगावचा फाटा आला होता. आत रस्त्याच्या कडेला निखाड्यांचं घर दिसत होतं, अंगणात अजून बाहेरगावची माणसं बसलेली. "नोकरी गेली तं जाऊ दे. केस करतील तं करू दे. मी वीटभट्टीवर जाईन. पण सुमेध, वैनीच्या मनात मी हाय तो तसाच राहीन. तिची पोरगी मोठी होईन, तिले सांगतील, त्या खुशालनं तुह्या बापाले मारलं. माह्या तोंडून ऐकलं तं ती म्हणन, जीव वाचवाले बोलते. चोपडे आधीच सांगून गेला हाय."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. घराकडे पाहत होता.

"तू त्यायच्या टेबलावर बसला होता. तू पगारी माणूस होता त्यायचा, आजच्या दिवसाचा का असंना. तू सांगशील का तिले? माह्यासमोर?"

"आत्ता?"

"आत्ता. उद्या माही हिंमत राहणार नाही."

"अन् तिनं हाकललं तं?"

"हाकलंनच," तो म्हणाला. "म्हणून तं तुले नेऊन राहिलो."

मी चपलेतली खडी झटकली. 

"चल," मी म्हटलं. "आज हाकललं तं उद्या येऊ. उद्या हाकललं तं परवा. तिले पटेपर्यंत मी तुह्यासंगं या दारात येत राहीन, खुशाल. एकट्याले नाही येऊ देणार तुले."